दीर्घिकांच्या जोड्या मोजून अंतर कसं कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘दीर्घिका अवकाशात कशा विखुरल्या आहेत त्यावरून विश्वातली अंतरं मोजतात, असं वाचलं. पण दीर्घिकांचा नकाशा काढायचा तर आधी त्यांची अंतरं माहीत हवीत. मग त्या नकाशावरून पुन्हा अंतरच काढायचं, हा चक्राकार तर्क झाला नाही का? आणि ४८ कोटी प्रकाशवर्षांची ती मोजपट्टी ठरवली कोणी?’

शंका रास्त आहे. दीर्घिकांच्या सर्वेक्षणांतली माहिती तपासणं हे माझं रोजचं काम, आणि या क्षेत्रात नव्याने आलेला प्रत्येक चौकस विद्यार्थी सुरुवातीलाच ही शंका काढतो. तर्क चक्राकार नाही. पण ते पटायचं तर मोजमाप नेमकं कशाचं होतं हे जवळून पाहायला हवं. मी दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण मोजपट्टी कुठून आली हे कळलं की पहिल्याचं उत्तर बरंचसं हाती येतं.

महास्फोटानंतरची पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की अणू टिकतच नव्हते. प्रोटॉन, हेलियमची केंद्रकं आणि इलेक्ट्रॉन सुटे फिरत होते आणि फोटॉन त्या इलेक्ट्रॉनांवर सतत आदळत होते. प्रकाशाला मोकळी वाटच नव्हती. त्यामुळे प्रकाश आणि साधा पदार्थ यांचा मिळून एकच द्रायू झाला होता. कृष्णपदार्थही तिथेच होता, पण त्याचा प्रकाशाशी काही संबंध येत नाही. तो फक्त गुरुत्वाकर्षण ओळखतो.

या द्रायूची घनता सगळीकडे अगदी सारखी नव्हती. लाखात एखाद्या भागाचा फरक होता. जिथे पदार्थ किंचित जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण आजूबाजूचं आत ओढू लागलं, आणि कोंडलेल्या प्रकाशाचा दाब ते बाहेर ढकलू लागला. या ओढाताणीतून दाबाची लहर बाहेर निघाली. ती खऱ्या अर्थाने ध्वनिलहरच होती, फक्त तिचा वेग आपल्या कल्पनेपलीकडचा होता. द्रायूत प्रकाशाचंच वर्चस्व असल्यामुळे सुरुवातीला हा वेग प्रकाशवेगाच्या ५७ टक्क्यांच्या आसपास होता. पुढे पुढे साध्या पदार्थाचं ओझं जाणवू लागलं तसा तो कमी होत गेला.

मग तापमान सुमारे ३००० केल्विनवर आलं. इलेक्ट्रॉन केंद्रकांना चिकटले, अणू तयार झाले आणि फोटॉन सुटले. तेच फोटॉन आज सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाच्या रूपात आपल्याला सर्व दिशांनी मिळतात. प्रकाश निघून गेला म्हणजे दाबही गेला, आणि लहरीला पुढे ढकलणारं काही उरलं नाही. ती जिथवर पोचली होती तिथेच साधा पदार्थ थबकला. मध्यभागी कृष्णपदार्थाचा गोळा आणि त्याच्याभोवती ठरावीक त्रिज्येवर साध्या पदार्थाचं पातळ कवच, अशी रचना शिल्लक राहिली.

ती त्रिज्या त्या वेळी सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षं होती. विश्वाचं वय ३ लाख ८० हजार वर्षं असताना, प्रकाशाहून मंद लहर साडेचार लाख प्रकाशवर्षं कशी गेली, असं कुणी विचारेल. लहर जात होती तेव्हा अवकाशही प्रसरण पावत होतं. तिने मागे टाकलेला रस्ता तिच्या पाठीमागे ताणला जात होता. त्यानंतरच्या प्रसरणाने ही त्रिज्या हजारपटीहून थोडी जास्त वाढली. आज ती सुमारे १४७ मेगापार्सेक, म्हणजे ४८ कोटी प्रकाशवर्षं भरते. आपल्या आकाशगंगेची तबकडी साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, त्यावरून अंदाज यावा.

पाऊस पडत असताना तळ्याच्या पाण्याकडे पाहिलं तर जिकडेतिकडे वलयं उठतात, एकमेकांत मिसळतात, आणि एकही वलय पूर्ण सुटं दिसत नाही. आरंभीच्या विश्वाचं असंच होतं. घनतेचा प्रत्येक चढ-उतार आपापली लहर सोडत होता. म्हणून आकाशाच्या नकाशावर बोट ठेवून ‘हे बघा ते कवच’ असं दाखवता येत नाही. मात्र सगळ्या लहरी एकाच वेळी सुरू झाल्या आणि एकाच वेळी थांबल्या, त्यामुळे सगळ्या कवचांची त्रिज्या एकच आहे. या एका गोष्टीवर ही सगळी पद्धत उभी आहे. तिचं प्रचलित नाव बॅरिऑन अकूस्टिक ऑसिलेशन्स, म्हणजे साध्या पदार्थातली ध्वनीची आंदोलनं. आम्ही सगळे तिला बीएओ म्हणतो.

म्हणजे मोजपट्टी कुणी ठरवलेली नाही, ती भौतिकशास्त्रातून निघते. तिची लांबी काढायला तीन गोष्टी लागतात: प्रकाश किती होता, साधा पदार्थ किती होता, म्हणजे लहरीचा वेग किती, आणि एकूण पदार्थ किती होता, म्हणजे प्रसरण कोणत्या गतीने चाललं होतं. प्रकाश किती होता हे पार्श्वप्रारणाच्या आजच्या २.७२५ केल्विन तापमानावरून थेट कळतं. बाकीचे दोन आकडे पार्श्वप्रारणातल्या बारीक चढ-उतारांवरून मिळतात. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांतून ही लांबी १४७.०९ मेगापार्सेक आली, आणि तिच्यातली अनिश्चितता ०.२६ मेगापार्सेक, म्हणजे एक टक्क्याच्या पाचव्या भागाहूनही कमी आहे. खगोलशास्त्रात इतकी नेमकी मोजपट्टी सहसा मिळत नाही.

अशा लहरी असणार हे कागदावर फार आधीच कळलं होतं. आंद्रेई साखारोव यांनी १९६५ मध्ये आरंभीच्या विश्वातल्या आंदोलनांचा विचार मांडला. १९७० मध्ये जेम्स पीबल्स आणि जे. टी. यू यांनी एकीकडे, तर रशीद सुन्याएव आणि याकोव झेल्दोविच यांनी दुसरीकडे, त्या काळच्या समजुतीनुसार सविस्तर गणित केलं. दीर्घिकांमध्ये या लहरींचा ठसा सापडायला २००५ साल उजाडलं. ३५ वर्षं लागली, कारण ठसा अतिशय पुसट आहे.

तो पुसट का आहे? विश्वातल्या एकूण पदार्थाचा जेमतेम सहावा हिस्सा साधा पदार्थ आहे. बाकी कृष्णपदार्थ. लहरीबरोबर वाहून गेला तो फक्त हा सहावा हिस्सा. पाच हिस्से मध्यभागीच राहिले. पुढे गुरुत्वाकर्षणाने दोघांनी एकमेकांना ओढलं, कवचातही थोडा कृष्णपदार्थ जमला, मध्यभागीही साधा पदार्थ परतला, आणि दोन्ही ठिकाणी दीर्घिका घडल्या. पण कवचाच्या जागी दीर्घिका सापडण्याची शक्यता सरासरीपेक्षा अगदी थोडीच वाढली. सगळा पदार्थ साधाच असता तर हा ठसा ठळक उमटला असता आणि कित्येक वर्षं आधी सापडला असता. कृष्णपदार्थाबद्दल कुणी शंका घेतली की मी आधी याच पुसटपणाकडे बोट दाखवतो: लहरी आहेत, पण इतक्या क्षीण आहेत की बहुतांश पदार्थ त्यांत सामील नव्हताच.

आता मोजणी प्रत्यक्षात कशी करतात ते पाहू. दीर्घिकांची यादी घ्यायची आणि तिच्यातल्या प्रत्येक जोडीमधलं अंतर काढायचं. २००५ मध्ये स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या ज्या विश्लेषणात हा ठसा सापडला त्यात ४६,७४८ तेजस्वी तांबड्या दीर्घिका होत्या. त्यांच्या जोड्या होतात सुमारे १०९ कोटी. अंतरानुसार या जोड्या कप्प्यांत टाकायच्या: एवढ्या अंतराच्या इतक्या, त्याहून थोड्या जास्त अंतराच्या तितक्या.

नुसत्या या संख्यांचा उपयोग नाही. सर्वेक्षणाची सीमा वेडीवाकडी असते, तेजस्वी ताऱ्यांच्या आसपासचे तुकडे वगळावे लागतात, लांबच्या अंधूक दीर्घिका कमी सापडतात. या सगळ्याचा जोड्यांच्या संख्येवर परिणाम होतो. म्हणून दुसरी एक यादी तयार करतात. तिची सीमा तीच, भोकं तीच, अंतरानुसार विरळ होत जाणंही तेच; मात्र बिंदू यादृच्छिक टाकलेले. ही यादी खऱ्या यादीपेक्षा कितीतरी पट मोठी ठेवतात, म्हणजे तिच्यामुळे वेगळा गोंधळ वाढत नाही. मग खऱ्या जोड्या, यादृच्छिक जोड्या, आणि एक खरी-एक यादृच्छिक अशा मिश्र जोड्या मोजून त्यांची तुलना करतात. त्यासाठी लँडी आणि सालाय यांनी १९९३ मध्ये दिलेलं सूत्र आजही सगळे वापरतात.

या तुलनेचा आलेख काढला की तो आधी उतरत जातो. जवळजवळच्या दीर्घिका गुरुत्वाकर्षणामुळे गोळा झालेल्या असतात, त्यामुळे छोट्या अंतरांच्या जोड्या भरपूर. अंतर वाढेल तशा त्या कमी होतात. आणि मग १५० मेगापार्सेकच्या जवळपास एक बसका उंचवटा दिसतो. यादृच्छिक यादीत त्या अंतराच्या १०० जोड्या असतील तर खऱ्या यादीत साधारण १०१. एवढाच फरक. या एका जास्तीच्या जोडीसाठी मोठमोठ्या दुर्बिणी वर्षानुवर्षं राबतात, आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

२००५ मध्येच टू-डिग्री-फील्ड सर्वेक्षणाच्या गटानेही, ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या ३.९ मीटर दुर्बिणीतून जमवलेल्या सुमारे २ लाख २० हजार दीर्घिकांमध्ये, वेगळ्या गणिती वाटेने हाच ठसा दाखवला. दोन दुर्बिणी, दोन गोलार्ध, दोन पद्धती, आणि उत्तर जुळतं. त्यानंतर या ठशाच्या अस्तित्वाबद्दल फारसा वाद राहिला नाही.

आता मूळ शंकेकडे येतो. वर मी सहज ‘जोडीमधलं अंतर काढायचं’ असं लिहिलं. ते कुठून येतं?

दुर्बीण प्रत्येक दीर्घिकेबद्दल आपल्याला तीनच आकडे देते. दोन कोन, म्हणजे ती आकाशात कुठे आहे, आणि तिची ताम्रसृती, म्हणजे तिच्या प्रकाशाची तरंगलांबी मूळच्या किती पटीने वाढली. ताम्रसृती वर्णपटातल्या रेषांवरून थेट वाचता येते. ऑक्सिजनची ३७२.७ नॅनोमीटरची रेषा ८२० नॅनोमीटरवर सापडली, तर तरंगलांबी २.२ पट झाली, म्हणजे मूळच्या १.२ पटीने वाढली, आणि ताम्रसृती १.२. यात विश्वाबद्दल कसलंही गृहीतक नाही. आणि इथवर अंतरही नाही.

या तीन आकड्यांचा त्रिमितीय नकाशा करताना मात्र ताम्रसृतीचं अंतर करावं लागतं, आणि त्यासाठी विश्वाचं एखादं मॉडेल धरावं लागतं: पदार्थ इतका, कृष्णऊर्जा (प्रसरण वेगवान करणारी अज्ञात ऊर्जा) इतकी, वगैरे. तुमची शंका नेमकी इथली आहे. हे मॉडेल चुकलं तर?

ते चुकलं तर नकाशा ताणला किंवा आकसला जातो, आणि ते लगेच पकडता येतं. समजा आपण धरलेलं मॉडेल एका विशिष्ट ताम्रसृतीची अंतरं ३ टक्के कमी दाखवतं. मग नकाशाच ३ टक्क्यांनी लहान होईल आणि उंचवटाही अपेक्षेपेक्षा ३ टक्के अलीकडे दिसेल. उंचवटा कुठे हवा होता हे आपल्याला माहीत आहे. तो कितीने सरकला ते मोजलं की मॉडेलने दिलेल्या अंतराला कितीने गुणायचं हे कळतं. या उदाहरणात १.०३ ने. आमचा निष्कर्ष म्हणजे हा गुणक. सुरुवातीचं मॉडेल फक्त माहिती मांडायची सोय आहे, त्याने उत्तर ठरत नाही. दुसरं मॉडेल घेऊन सगळं पुन्हा केलं तर गुणक बदलतो, धरलेलं अंतरही बदलतं, पण दोघांचा गुणाकार अगदी थोड्या फरकाने तोच येतो. ही तपासणी प्रत्येक मोठ्या विश्लेषणात करतातच.

हवं तर मॉडेल पूर्ण बाजूला ठेवूनही विचार करता येतो. ताम्रसृती ०.५ च्या आसपासच्या दीर्घिकांचा एक पातळ थर घ्या आणि जोड्यांमधला फक्त आकाशातला कोन मोजा. जोड्यांची ती किंचित वाढ सुमारे ४.३ अंशांवर दिसेल. पूर्ण चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे आठ चंद्र ओळीने मांडले तर भरेल त्याहून जास्त रुंदी. कोन मोजला, खरी लांबी १४७ मेगापार्सेक आहे हे माहीत आहे, तर भूमितीने अंतर सांगता येतं: सुमारे १९५० मेगापार्सेक, म्हणजे जवळजवळ ६३६ कोटी प्रकाशवर्षं. कोनात एक टक्क्याची चूक झाली तर अंतरातही एक टक्क्याची. मध्ये दुसरं काही येत नाही.

तीच मोजपट्टी आपल्या दृष्टीच्या रेषेला आडवी न ठेवता त्या रेषेच्याच दिशेने उभी धरली तर? मग तिची दोन टोकं वेगवेगळ्या ताम्रसृतीवर दिसतात. ताम्रसृती ०.५ जवळ हा फरक साधारण ०.०४४ असतो. हा फरक तेव्हाच्या प्रसरणाच्या दरावर अवलंबून असतो. म्हणजे एकाच ठशातून दोन स्वतंत्र गोष्टी मिळतात: आडव्या दिशेने अंतर, उभ्या दिशेने त्या काळातला प्रसरणाचा दर. सुपरनोव्हांवरून, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांवरून, अंतर उत्तम कळतं, पण प्रसरणाचा दर असा सरळ हाती येत नाही. बीएओ पद्धतीचा मला हा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि सामान्य वाचकांसाठीच्या लेखांत तो बहुधा येतच नाही.

शिवाय कवच सगळ्या दिशांनी सारखं असायला हवं. धरलेलं मॉडेल चुकीचं असेल तर नकाशात ते चपटं किंवा लांबट दिसतं. ही तपासणी चार्ल्स अल्कॉक आणि बोहदान पाचिन्स्की यांनी १९७९ मध्ये सुचवली होती. दीर्घिकांच्या स्वतःच्या वेगांमुळेही ताम्रसृतीत भर पडते आणि नकाशा दृष्टिरेषेत थोडा विकृत होतो. पण त्या विकृतीचं स्वरूप वेगळं आणि परिचित आहे. दोन्ही वेगळे काढता येतात.

एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट करतो, कारण बातम्यांच्या मथळ्यांमुळे गैरसमज होतो. या पद्धतीने कुठल्याही एका दीर्घिकेचं अंतर मोजलं जात नाही. मोजलं जातं ते एका ताम्रसृतीचं अंतर: ‘०.५ ताम्रसृती म्हणजे इतके मेगापार्सेक.’ असे बिंदू वेगवेगळ्या ताम्रसृतींसाठी जमवले की विश्व कोणत्या काळात किती वेगाने फुगत होतं याचा आलेख तयार होतो. तुम्हाला एखाद्या विशिष्ट दीर्घिकेचं अंतर हवं असेल तर तिची ताम्रसृती मोजून या आलेखावर बघायची. जवळच्या दीर्घिकांसाठी मात्र सेफिड ताऱ्यांसारख्या (ठरावीक लयीत तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या) पद्धतीच बऱ्या.

आता त्या बसक्या उंचवट्याबद्दल. गेल्या १३०० कोटींहून अधिक वर्षांत दीर्घिका जागच्या जागी राहिलेल्या नाहीत. शेजारच्या गर्दीकडे त्या ओढल्या गेल्या, रित्या प्रदेशांतून बाहेर सरकल्या. एकेक दीर्घिका दोन-तीन कोटी प्रकाशवर्षं सहज सरकली आहे. ४८ कोटींच्या मानाने हे थोडंच, म्हणून मोजपट्टीची सरासरी लांबी जवळपास तशीच राहते. फरक पडतो तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण कवचाची कड विसविशीत होते, उंचवटा पसरतो आणि त्याचा मध्य नेमका कुठे हे सांगणं अवघड होतं.

यावर २००७ मध्ये डॅनियल आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला उपाय मला या सगळ्या शास्त्रातला सर्वांत देखणा विचार वाटतो. दीर्घिकांना कुणी ओढलं? आजूबाजूच्या दीर्घिकांनी आणि त्यांच्याबरोबरच्या कृष्णपदार्थाने. तो सगळा पसारा तर आपल्या नकाशातच आहे! मग नकाशावरून गुरुत्वाकर्षणाचं क्षेत्र काढायचं, प्रत्येक दीर्घिका कुठून सरकत आली असेल याचा अंदाज बांधायचा, आणि तिला तितकंच उलट सरकवायचं. मगच जोड्या मोजायच्या. याला पुनर्रचना म्हणतात. निखिल पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्लोन सर्वेक्षणाच्या माहितीवर हे करून दाखवलं, तेव्हा ०.३५ ताम्रसृतीच्या अंतरातली अनिश्चितता ३.५ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आली. नवी एकही दीर्घिका न पाहता! तेवढाच फायदा जास्त निरीक्षणं करून मिळवायचा असता तर तिप्पटीहून मोठं सर्वेक्षण लागलं असतं.

मोठं सर्वेक्षण का लागतं हेही इथेच सांगतो. मोजपट्टी ४८ कोटी प्रकाशवर्षांची, म्हणजे नकाशा त्याहून कितीतरी पट मोठा हवा, तरच तिचे पुरेसे नमुने त्यात बसतील. आणि दृश्य विश्व एकच आहे. एका ताम्रसृतीपर्यंतचा सगळा भाग एकदा पाहून झाला की तिथे अचूकता वाढवायला जागा उरत नाही. मग आणखी दूर जावं लागतं.

म्हणून वर्णपट घेण्याचा वेग वाढवणं हाच या क्षेत्राचा खरा इतिहास आहे. २००९ ते २०१४ या काळात न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटच्या २.५ मीटर दुर्बिणीवर बॉस सर्वेक्षण झालं. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची एक गोल पत्री. दीर्घिका जिथे असेल तिथे तिच्यात भोक. प्रत्येक भोकात एक ऑप्टिकल फायबर, तो हाताने खोवलेला. एका पत्रीत एक हजार फायबर. फायबरच्या टोपणाला जाडी असल्यामुळे ६२ कोनीय सेकंदांहून जवळच्या दोन दीर्घिका एकाच पत्रीतून घेता येत नसत. त्याची भरपाई नंतर गणितात करावी लागे. या माहितीतून ०.५७ ताम्रसृतीचं अंतर एक टक्क्यापर्यंत अचूक मिळालं.

हेच काम आज ॲरिझोनातल्या किट पीकच्या ४ मीटर मेयॉल दुर्बिणीवर डेसी हे उपकरण करतं. त्यात ५००० फायबर आहेत आणि प्रत्येकाला आपला स्वतंत्र छोटा यंत्रमानव आहे. दुर्बीण पुढच्या तुकड्याकडे वळली की काही मिनिटांत हे पाचही हजार फायबर नव्या दीर्घिकांवर नेमके जाऊन बसतात. हात लावायची गरज नाही. मे २०२१ मध्ये मुख्य सर्वेक्षण सुरू झालं, आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) होते.

फार दूर गेलं की दीर्घिका इतक्या अंधूक होतात की त्यांची मोजणी परवडत नाही. तिथे क्वेसार उपयोगी पडतात, तेही वेगळ्या प्रकारे. क्वेसारचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या हायड्रोजनमधून जातो, आणि प्रत्येक ठिकाणचा हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरची तरंगलांबी थोडी शोषून घेतो. ती जागा जितकी दूर तितकं शोषण तांबड्याकडे सरकलेलं. परिणामी क्वेसारच्या वर्णपटात बारीक बारीक खाचांचं रान दिसतं. त्याला लायमन-आल्फा वन असंच नाव आहे. प्रत्येक खाच म्हणजे वाटेतल्या वायूची एक नोंद. ताम्रसृती २.३३ ला ही रेषा सुमारे ४०५ नॅनोमीटरवर येते, म्हणजे मूळची अतिनील असूनही जमिनीवरच्या दुर्बिणीला दिसते. या वायूतही तोच १४७ मेगापार्सेकचा ठसा आहे, आणि तो २०१३ मध्ये बॉसच्या माहितीत सापडला. दीर्घिका नसल्या तरी पद्धत चालते, कारण लहर पदार्थात उमटली होती; तो पदार्थ पुढे चमकला की नाही याने फरक पडत नाही.

‘हवं तेच उत्तर निघेपर्यंत विश्लेषण करत राहिलात तर?’ अशीही एक बाजू तुमच्या शंकेला आहे, ती न विचारताही मला ऐकू आली. डेसीच्या २०२४ च्या विश्लेषणात यावर चोख बंदोबस्त होता. दीर्घिकांच्या यादीतच मुद्दाम गुप्त फेरफार केले होते, म्हणजे उंचवटा खरा कुठे आहे हे विश्लेषण करणाऱ्यांनाही दिसत नव्हतं. पद्धत, तपासण्या, चुकांचे अंदाज हे सगळं आधी पक्कं झालं, आणि मगच खरी यादी उघडली.

आता या पद्धतीची मर्यादा. बीएओ मोजणीतून खरं तर अंतर आणि मोजपट्टी यांचं गुणोत्तर मिळतं. ‘हे अंतर मोजपट्टीच्या १३.३ पट’ एवढंच दीर्घिका सांगतात. मेगापार्सेकमध्ये सांगायचं तर मोजपट्टीची लांबी बाहेरून आणावी लागते: पार्श्वप्रारणावरून, किंवा आरंभीच्या काही मिनिटांत तयार झालेल्या ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) प्रमाणावरून साधा पदार्थ किती ते ठरवून.

हबल स्थिरांकाच्या वादात ही बाब कळीची ठरते. हा स्थिरांक म्हणजे विश्वाच्या आजच्या प्रसरणाचा दर. सेफिड आणि सुपरनोव्हा यांच्या शिडीने तो ७३ (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) च्या आसपास येतो. प्लँकच्या माहितीतून ६७.४ येतो. डेसीची अंतरं आणि ड्यूटेरियमची माहिती एकत्र केली, प्लँकला हातही लावला नाही, तरी आकडा ६८.५ च्या आसपास येतो. म्हणजे कमी आकड्याचा दोष एकट्या प्लँकवर टाकता येत नाही. पण अणू बनण्याआधीच्या काळात एखादा घटक आपल्याला ठाऊक नसेल आणि त्यामुळे मोजपट्टी खरोखर काही टक्के आखूड असेल, तर बीएओचाही स्थिरांक तितकाच वर सरकेल. दीर्घिका कितीही मोजल्या तरी हा प्रश्न त्यांच्याकडून सुटणार नाही. मोजपट्टीच्या लांबीचं उत्तर त्या आरंभीच्या काळातच शोधावं लागेल.

याउलट कृष्णऊर्जा काळानुसार बदलते का, हा प्रश्न गुणोत्तरांवरही बराचसा सोडवता येतो, कारण वेगवेगळ्या ताम्रसृतींना मोजपट्टी तीच असते. डेसीची २०२५ ची माहिती पार्श्वप्रारणाबरोबर मांडली तर बदलत्या कृष्णऊर्जेकडे ३.१ सिग्माचा कल दिसतो (सिग्मा जितके जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). सुपरनोव्हांची माहिती जोडली तर कोणता संच घेता त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा. माझं मत विचाराल तर हा कल गंभीरपणे घेण्यासारखा आहे, पण सुपरनोव्हांचा संच बदलला की आकडा इतका हलतो हेच सांगतं की निकाल अजून लागलेला नाही. भौतिकशास्त्रात शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात, आणि इथे ती अट सोडू नये.

शेवटी, हे सगळं माझ्या शब्दावर मानायची गरज नाही. स्लोन सर्वेक्षणाच्या दीर्घिकांच्या याद्या आणि त्यांच्या जोडीच्या यादृच्छिक याद्या सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि जोड्या मोजणारी कॉरफंकसारखी मोफत प्रणालीही आहे. बॉसमधल्या सीमॅस नावाच्या दीर्घिका घ्या, ताम्रसृती ०.४३ ते ०.७ मधल्या. साध्या संगणकावर काम होतं. आधी दहा-वीस हजारच दीर्घिका घेऊन आलेख काढा. उंचवटा दिसणार नाही, नुसता गोंधळ दिसेल. मग पूर्ण यादी घ्या. आणि अंतरं काढताना मुद्दाम चुकीचं मॉडेल धरून पाहा, समजा कृष्णऊर्जा शून्य. उंचवटा किती आणि कुठे सरकतो ते मोजलंत की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच काढलेलं असेल.